मेलेलं नको, मरतं आणा

सत्तावीस ऑगस्ट, मंगळवार. सकाळी प्रयोगशाळेत बटाटे सोलत बसले होते.

हे मुद्दाम सांगते, कारण वनस्पतींच्या रोगांची तज्ज्ञ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक येतो. कोट होता, पण बटाटे सोलताना तो खुंटीवर असायचा. बुरशी ओळखायची तर आधी ती वाढवावी लागते, आणि वाढवायची तर तिला खायला घालावं लागतं. बटाट्याचं उकडपाणी, त्यात साखर, घट्ट करायला आगर, म्हणजे आपण जेलीत घालतो ती चायना ग्रास. हे सगळं कुकरला लावून निर्जंतुक करायचं आणि काचेच्या बैठ्या ताटल्यांत ओतून थिजवायचं. जगभरचे बुरशीवाले हाच स्वयंपाक करतात. आमच्या कृषी संशोधन केंद्रातलं निर्जंतुकीकरणाचं मोठं यंत्र उन्हाळ्यापासून बंद होतं, दुरुस्तीचा कागद भोपाळला जाऊन तिथेच राहिला होता, आणि मी घरचा प्रेशर कुकर आणून काम भागवत होते. वरणाला आणि बुरशीला एकच कुकर घरात कुणालाच पसंत पडला नाही, म्हणून घरी दुसरा घेतला.

माझं काम इतकंच. शेतकरी आजारी पान, खोड, कणीस घेऊन येतो. त्यावरची बुरशी कोणत्या कुळातली, कोणत्या जातीची, ते मी सांगायचं. या देशात जात विचारण्याचा सरकारी पगार मिळणारी मी एक. बुरशीचे बीजाणू बघायचे, म्हणजे तिचं बी. ते गोल आहेत की लांबट, सरळ की कोयत्यासारखे वाकडे, एकेकटे की माळेत, देठावर बसलेले की टोपलीत भरलेले. रंग, माप, वाढण्याचा वेग. एवढं झालं की नाव. नावांचाही घोळ असतो. कित्येक बुरश्यांना तेव्हा दोन-दोन अधिकृत नावं होती, एक एकटी राहते तेव्हाचं आणि एक जोडीनं बीजाणू करते तेव्हाचं. विद्यार्थ्यांना हे समजत नसे. मी सांगायचे, एक माहेरचं समजा आणि एक सासरचं. मुली लगेच लिहून घ्यायच्या. मुलं विचारायची, मॅडम, परीक्षेत कुठलं लिहायचं?

नाव कळल्यानं होतं काय, असं बऱ्याच जणांनी मला विचारलं आहे. त्या वर्षांत तर फारच. नव्या नव्या कंपन्या इंदुरात उतरत होत्या. त्यांचे टाय लावलेले प्रतिनिधी मोटारसायकलवरून यायचे आणि गुळगुळीत कागदाची पत्रकं टेबलावर ठेवायचे. एक जण म्हणाला, “मैडम, नाम से क्या लेना-देना? सब फंगस एक ही दवा से मरती है.” मी म्हटलं, तुमचं आणि तुमच्या साहेबांचं नाव एकच चालेल का पगारपत्रकावर? तो हसला. पत्रक मात्र ठेवूनच गेला. त्याची मागची बाजू कोरी होती, ती मला उपयोगी पडली.

माझा स्वतःचा घोळ शब्दांचा. मी शिकले मराठी पुस्तकांतून, महाराष्ट्रात, आणि लग्न होऊन आले इंदुरात. मराठीत मक्याच्या पानांवर पांढुरके पट्टे आले की त्याला केवडा म्हणतात. पहिल्याच वर्षी एका मालवी शेतकऱ्याला मी हिंदीत सांगितलं, तुमच्या मक्याला केवडा झालाय. तो खूश. म्हणाला, “फिर तो भाव अच्छा मिलेगा?” त्याच्या लेखी केवडा म्हणजे शरबतात घालायचं अत्तर. ज्वारीच्या काणीचं तर विचारूच नका. मराठीत काणी म्हणजे कणसात दाण्यांच्या जागी काळी भुकटी. हिंदीत कानी म्हणजे एका डोळ्यानं आंधळी बाई. तो माणूस उठून उभाच राहिला होता, कारण ज्वारी त्याच्या बायकोनं निवडून आणली होती.

तांबेऱ्याला मात्र तिकडचा शब्द झकास आहे, गेरुआ. पानावर विटकरी भुकटी उडते, ती गेरूसारखी दिसते, म्हणून. महूहून एक निवृत्त फौजी अधिकारी यायचे. शेवंतीच्या कुंड्यांचं वेड. एकदा पाकिटात पानं घालून आणली, पाकिटावर तारीख, वेळ, कुंडीचा नंबर, आणि म्हणाले, “गेरुआ है, मैडम. पूरी कतार में फैल गया है.” विटकरी भुकटी होती खरी. सूक्ष्मदर्शकाखाली एकही बीजाणू नाही, नुसते मातीचे कण. विचारलं, कुंड्या कधी रंगवल्या? छावणीत झाडांच्या बुंध्यांना आणि कुंड्यांना गेरू आणि चुना लावायची शिस्त असते, आणि आदल्या आठवड्यात माळ्यानं कुंचला झटकत झटकत ती पाळली होती. गेरुआ खरोखरच गेरूचा निघाला. त्यांनी उभं राहून “थैंक यू” म्हटलं आणि पाकीट परत नेलं.

तर, सत्तावीस ऑगस्ट. बटाटे निम्मे झाले होते तेवढ्यात दारात दोन माणसं आली, एकमेकांकडे न बघता.

एकाला मी ओळखत होते. दिनकर टेंबे. आमच्या यजमानांचे मिलमधले दोस्त. हे टाइम ऑफिसात होते आणि टेंबे लूम खात्यात जॉबर, मागांवरचे मुकादम. मिल बंद पडली तेव्हा दोघं एकाच दिवशी घरी आले. हे पुढं सांवेर रोडवर एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात हिशेब लिहायला लागले. टेंब्यांनी नोकरी शोधली नाही. फंडातून आलं ते सगळं घालून छावनीच्या धान्यबाजाराजवळ बी-बियाणं आणि औषधांचं दुकान टाकलं. माणूस बोलका, गावोगाव ओळखी, सचोटीचा. तीन वर्षांत बरं बस्तान बसलं होतं.

दुसरे बद्रीलाल पटेल, सांवेरकडचे. पांढरं धोतर, काखेत सुतळीनं बांधलेली वाळक्या सोयाबीनची पेंढी.

“राम-राम मैडम साब,” पटेल म्हणाले आणि पेंढी माझ्या बटाट्यांशेजारी ठेवली. “यो देखो. सगलो खेत साफ वई ग्यो. यो टेंबे भिया को बीज है. बीज ही रोगी थो.”

“बीज रोगी नव्हतं,” टेंबे मला म्हणाले. “वहिनी, तुम्हीच बघून सांगा. बीज की जमीन. पटेलसाब म्हणतात, मैडम जे लिहून देतील ते मंजूर. नाहीतर हे ग्राहक फोरममध्ये जाणार, आणि यांच्या मागं चार गावं जातील. माझी दुकान बसली समजा.”

इंदुरी मराठीत दुकान बाईच असते. मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे.

“लिहून देईन,” मी म्हटलं. “पण हे मेलेलं आहे.”

“मरी गी, जदी तो लायो!” पटेल म्हणाले.

आता इथं माझा धंदा थोडा समजावून द्यावा लागेल. रोप मेलं की त्यावर मोकाट बुरश्या येतात. हवेतल्या, मातीतल्या, बियाण्याबरोबर आलेल्या. मेलेल्यावर जगणं हेच त्यांचं काम. ज्या बुरशीनं मारलं ती या गर्दीत असते किंवा नसतेही. मेलेल्या रोपावर सगळ्यात ठळक दिसते ती मारेकरी असेलच असं नाही, ती मयताला आलेली असू शकते. म्हणून येईल त्याला मी एकच सांगायचे. मेलेलं नको, मरतं आणा. हिंदीत, मरा हुआ मत लाओ, मरता हुआ लाओ. मुळांसकट, भोवतालच्या मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. न धुता. हे मी इतक्या वेळा म्हटलं की केंद्राचा चौकीदार फाटकावर विचारायला लागला, “मरा हुआ है कि मरता हुआ? मरता हुआ है तो सीधे हाथ का कमरा.” नवीन माणसं घाबरायची.

पटेलांना ते पटलं नाही. “मरता हुआ कहाँ से लाऊँ? एक ही दिन में मर गया सब.”

“एक दिन में कोई नहीं मरता, पटेल साहब.”

“तो अब मरवा वाला को हाथ पकड़ के लाऊँ?”

तरी पेंढी सोडून एक खोड घेतलं. बुडापासून वरपर्यंत काळे ठिपके, टाचणीच्या डोक्याहून बारीक. भिंगाखाली धरलं. सोयाबीनच्या खोडावर काळे ठिपके करणाऱ्या दोन बुरश्या आमच्याकडे नेहमीच्या. नुसत्या डोळ्यांना दोघींचे ठिपके सारखेच. फरक भिंगाखाली. एकीच्या ठिपक्यांवर ताठ काळे केस असतात, दाढीच्या खुंटांसारखे. दुसरीच्या ठिपक्यांवर नसतात. केसवाली बियाण्यातून येते. बिनकेसाची कोळशाच्या भुकटीसारखी असते, ती मातीत वर्षानुवर्षं पडून राहते आणि पावसानं दडी मारली, जमीन तापली, की उठते. पहिलीचं शास्त्रीय नाव कोलेटोट्रायकम, दुसरीचं मॅक्रोफोमिना. प्रयोगशाळेत आम्ही केसवाली आणि कोळसेवालीच म्हणायचो.

“काय दिसतंय वहिनी?” टेंबे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

“केस.”

त्यांचा चेहरा उतरला. “केस? म्हणजे फोरमची केस?”

“डोक्यावर असतात तसले केस.”

पटेलांना मराठी येत नव्हती, पण एवढा शब्द पोचला. “केस तो मैं करूँगा ही!” ते म्हणाले.

केस या शब्दाला एवढं वजन मी आयुष्यात पुन्हा कधी पाहिलं नाही. मी दोघांनाही सांगितलं की हे मेलेलं खोड आहे, यावरून मी काहीही लिहिणार नाही, उद्या शेतावर येते. टेंब्यांना केसवालीचा अर्थ माहीत होता. बियाणं विकणाऱ्याला तेवढं माहीत असतं.

दुपारी विभागप्रमुखांनी बोलावलं. पटेल जाता जाता त्यांच्या खोलीत डोकावून गेले होते. ते म्हणाले, “मैडम, जो दिखा वो लिख दीजिए. स्टेम पर मिला, सीड से आता है, बात ख़त्म. एक पौधे के पीछे आप फील्ड जाएँगी?” मी म्हटलं, जाईन, गाडी नकोय. गाडी नकोय म्हटल्यावर त्यांची हरकत राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी टेंब्यांच्या लुनावर मागं बसून निघाले. पिशवीत खुरपी, चाकू, जुने पेपर. सांवेर रोडनं कारखाने, गोदामं, नव्या शेडचे पत्रे. सोयाबीनच्या कारखान्यापाशी तेलाचा उग्र वास आला. टेंबे मान न वळवता म्हणाले, “अरविंदभाऊ आत बसलेत आणि तुम्ही माझ्या लुनावर. बघितलं तर काय म्हणतील?”

“पेट्रोल कोण भरणार ते विचारतील.”

पटेलांचं शेत चढावर होतं. वरचा भाग खडकाळ, मातीचा थर पातळ. खालचा नाल्याकडचा भाग काळा, खोल. वर सगळं तपकिरी, उभंच्या उभं वाळलेलं. खाली हिरवं. मी पटेलांना विचारलं, खाली कुठलं बीज पेरलंय?

“यो को यो ही. एक ही थैली को.”

“एकाच थैलीचं?”

“हव.” म्हणाले आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन धोतराचा सोगा झटकायला लागले.

पण शेताच्या उतारावरून अहवाल लिहीत नाहीत. मला मरतं रोप हवं होतं. ते वाळलेल्यात मिळत नाही आणि हिरव्यातही मिळत नाही, दोन्हींच्या सीमेवर शोधावं लागतं. पानं दुपारी माना टाकतात आणि सकाळी पुन्हा उभी राहतात, खालचं एखादं पान पिवळं पडलेलं असतं, आणि मालक म्हणतो, याला काही झालेलं नाही. मी त्या सीमेवरून वाकून चालत राहिले. पटेल मागून म्हणाले, “मैडम, आप तो अच्छे-भले पौधे उखाड़ रही हो.” मी एक उपटलं आणि त्यांच्यासमोर खोड उभं चिरलं. मुळापासून वर बोटभर आतला भाग राखाडी, त्यात पेन्सिलीच्या शिशाची पूड सांडल्यासारखे बारीक काळे कण. भिंगाखाली एकाही कणाला केस नव्हते. आणखी चिरली. सगळ्यांत तेच.

टेंबे बांधावर बसले होते. मी रोपं पेपरात गुंडाळत असताना म्हणाले, “वहिनी, मिल मेल्यावर सगळे आले. वकील आले, युनियनवाले आले, पेपरवाले आले, भंगारवाले तर मापच घेऊन आले. मरत होती तेव्हा कोणी आलं नाही.”

मी सुतळी मागितली. त्यांनी खिशातून काढून दिली.

तिथपर्यंत माझा अंदाज झाला होता, पण अंदाज हा पुरावा नसतो. बुरशीवर आरोप ठेवायचा तर एक जुनी पद्धत आहे. मरत्या रोपातला तुकडा निर्जंतुक करून बटाट्याच्या ताटलीवर ठेवा. जी वाढेल ती वेगळी करा. ती निरोगी रोपाच्या मातीत मिसळा. तिथं तोच रोग तसाच झाला पाहिजे. मग त्या रोपातून तीच बुरशी परत निघाली पाहिजे. तेव्हाच म्हणायचं, हिनं मारलं. माणसांच्या कोर्टात एवढं मागितलं तर कुणाला शिक्षाच होणार नाही.

ताटलीवर कोळसेवाली वाढली, आधी राखाडी, मग काळीकुट्ट. केंद्राच्या कुंड्यांत हातभर वाढलेलं सोयाबीन होतंच, निम्म्या कुंड्यांच्या मातीत ती मिसळली, निम्म्या तशाच ठेवल्या, आणि सगळ्यांचं पाणी तोडलं. कोळसेवालीच्या कुंड्यांनी माना टाकल्या. चिरल्या, तेच शिसं. पुन्हा ताटलीवर, पुन्हा तीच. बाकीच्या कुंड्या सुकल्यासारख्या झाल्या, पण पाणी दिल्यावर उठल्या.

एक काम राहिलं होतं. कोळसेवाली राहते मातीत, पण क्वचित बियाण्यातूनही येते. म्हणून टेंब्यांकडे त्याच लॉटची जी न विकलेली पोती होती, त्यांतलं बी तपासणं भाग होतं. ते स्वतः शिवण न उसवलेलं एक पोतं लुनावर आडवं टाकून घेऊन आले. ओल्या टीपकागदावर बी मांडायचं, झाकून उजेडात ठेवायचं, आणि काय उगवतं ते बघायचं. एवढी सोपी परीक्षा, पण बियाणं विकणाऱ्याची झोप उडवणारी. टेंबे रोज फोन करायचे, एसटीडी बूथवरून, कारण दुकानातला फोन गिऱ्हाइकांपुढे होता. “काही उगवलं?” “बी उगवतंय.” “ते नाही हो वहिनी!”

बियाण्यात कोळसेवाली मिळाली नाही. केसवाली मिळाली. सगळ्या बियांवर नव्हे, काहींवर, पण शंकेला जागा नाही इतकी. काळे ठिपके, ताठ केस, कोयत्यासारखे बीजाणू.

म्हणजे झालं होतं असं. पटेलांचं शेत मारलं ते मातीतल्या कोळसेवालीनं, खडकाळ वरच्या भागात, पावसाच्या दडीत. केसवाली बियाण्याबरोबर आली होती, कोरड्या दिवसांत गपचूप बसली होती, आणि रोपं मेल्यावर मोकळं रान मिळून खोडभर पसरली होती. टेंब्यांचं बियाणं या मरणाला जबाबदार नव्हतं. पण ते स्वच्छही नव्हतं.

आणि सप्टेंबरचा पहिला आठवडा संपता संपता पाऊस परत आला होता. ओल्या हवेत केसवाली शेंगांवर चढते. टेंब्यांनी तोच लॉट आणखी गावांत विकला होता. त्या लोकांनी वेळेत फवारणी केली तर ठीक.

अहवालात दोन वाक्यं झाली. एक, रोपांची मर कोळसेवालीमुळे, मातीतून. दोन, याच लॉटच्या बियाण्यात केसवाली आढळली, ते पेरलेल्या इतर शेतांवर लक्ष ठेवावं.

द्यायच्या दिवशी टेंबे पटेलांच्या आधी आले. मी वाचून दाखवलं. पहिल्या वाक्याला त्यांनी डोळे मिटून हात जोडले. दुसऱ्याला उघडले.

“वहिनी, हे दुसरं कोणी विचारलं होतं?”

“कोणी नाही.”

“मग?”

“दिसलं म्हणून लिहिलं.”

“पटेलांचं शेत कशानं मेलं एवढंच विचारलं होतं. ते पहिल्या वाक्यात आलं. दुसरं खोडा, माझ्यासाठी. पोती राहिली आहेत, ती कोण घेणार? आणि बाकीच्या गावांना मी काय तोंड दाखवू, की मी दिलं त्यात बुरशी होती? कंपनीवाला म्हणतो, थैलीवर सर्टिफाइडचा टॅग आहे, आमचा संबंध संपला. मग उरलं कोण? मी!”

“गावांना आत्ता सांगितलंत तर फवारता येईल. शेंगा काळ्या पडल्यावर सांगून काय उपयोग?”

“तुम्हाला काय, तुमची सरकारी नोकरी.”

हे खरं होतं. तेवढ्यात पटेल आले. मी त्यांना दोन्ही वाक्यं हिंदीत समजावली. पहिल्यावर त्यांनी बराच वेळ मिशी ओढली. “मतलब म्हारी बरड़ी जमीन ही बैरी निकली.” बरड़ी म्हणजे तो वरचा खडकाळ भाग. मग दुसऱ्या वाक्यावर टेंब्यांकडे बघून म्हणाले, “और थारो बीज भी दूध को धुल्यो नी थो, भिया.”

टेंब्यांनी अहवालाची आपली प्रत घडी करून खिशात घातली आणि चहा न घेता गेले. त्यांच्या लुनाचा आवाज फाटकापाशी बराच वेळ येत राहिला. चालू होत नव्हती.

संध्याकाळी घरी आले तेव्हा यजमानांना सगळं कळलेलं होतं. टेंबे त्यांच्या कारखान्यावर जाऊन आले होते. जेवताना म्हणाले, “अगं, एक वाक्य कमी लिहिलं असतंस तर बुरशी काय रागावणार होती?”

“बुरशी नाही. सोयाबीनवाले.”

“तो माणूस तीन वर्षं राबलाय त्या दुकानावर. त्याच्याजवळ दुसरं काय आहे?”

“दुकान जाणार नाही. पटेल फोरममध्ये जाणार नाहीत.”

“पोती?”

“पोती जातील.”

त्यांनी भात कालवला. “दिनकर म्हणत होता, वहिनीकडे माणूस मेलेला नेला तरी ती म्हणेल, मरता आणा.”

मला हसू आलं, त्यांना नाही. टेंब्यांना सांत्वन म्हणून मी काही करू शकले असते का, याचा विचार त्या रात्री केला. अहवाल द्यायच्या एक-दोन दिवस आधीच त्यांना बोलावून दुसरं वाक्य सांगून ठेवता आलं असतं, म्हणजे पटेल समोर येईपर्यंत सावरायला वेळ मिळाला असता. ते सुचलं नाही. मला बुरशीच्या मागं जाताना माणसं वाटेत दिसत नाहीत, अशी यजमानांची तक्रार आहे आणि ती नोंदवून ठेवायला हरकत नाही. पण वाक्य खोडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरून निघाले ती सरळ केंद्रात न जाता छावनीला उतरले. टेंब्यांचं दुकान नुकतंच उघडलं होतं. बाहेर फळीवर एक पाटी उभी केली होती, खडूनं, ओबडधोबड देवनागरीत, त्या लॉटचा नंबर आणि खाली, ‘जिन्होंने ये बीज बोया है, मिलकर जाएँ.’ खडूची पूड अजून त्यांच्या बोटांना होती. मला बघून त्यांनी “या” म्हटलं, खुर्ची पुढं केली नाही.

“मेथीचं बी द्या. पावशेर.”

“परसात लावणार?”

“हो. आणि थोडं टीपकागदावर.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. हात पुढच्या डब्याकडे गेला, झाकण निघालं, माप आत गेलं, आणि ते मध्येच थांबले. माप उलटं करून बी परत डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि मागच्या फळीवरून दुसरा डबा काढला.

“ते गेल्या सालचं आहे,” ते म्हणाले. “यातलं घ्या.”

मी विचारलं नव्हतं.

“दोन्ही द्या,” मी म्हटलं.

त्यांनी दोन पुड्या बांधल्या आणि कोणती कुठली ते कळावं म्हणून जुन्याच्या पुडीला सुतळीची दुहेरी गाठ मारली. मी केंद्रात गेले, ओल्या टीपकागदाच्या दोन ताटल्या मांडल्या, एकीत नवं, एकीत गेल्या सालचं, आणि बटाटे सोलायला घेतले.